मॉन्स्टेराची हवाई मुळं दर वर्षी काळी पडतात, वाळतात, भिंतीत शिरतात: कारणं आणि उपाय

तक्रार बहुतेकांची एकच असते. मृग लागला की मॉन्स्टेराच्या खोडावर पेरापेराला जाड, हिरवट-तपकिरी मुळं सुटतात, श्रावणापर्यंत हातभर लांब होतात. मग ऑक्टोबरची उन्हं तापली की टोकं काळी पडतात आणि दिवाळीच्या सुमारास मुळाची काटकी झालेली असते. कुणी ती कापून टाकतं, कुणी तशीच लोंबकळत ठेवतं. पुढच्या पावसात पुन्हा तेच. मालवणपासून अलिबागपर्यंत ज्यांच्या पडवीत किंवा बाल्कनीत हे झाड डोक्याच्या वर गेलंय, त्यांना हा फेरा पाठ आहे.

माझं मत असं, की यात दोष मुळाचा जवळजवळ कधीच नसतो. पकडायला काही मिळालं नाही, किंवा मिळालं ते कोरडं किंवा खारट होतं, म्हणून मूळ वाळतं. तेव्हा कात्री आणि बुरशीनाशकाची बाटली बाजूला ठेवा आणि आधी झाडाच्या पाठीमागे काय आहे ते बघा.

आधी मूळ मेलंय का ते ठरवा

तपकिरी रंग म्हणजे रोग नव्हे. हवेत वाढलेल्या मुळावर पापुद्र्यासारखी तपकिरी साल येतेच. बोटांत धरून हलकेच दाबा. मूळ टणक असेल तर नखाने साल किंचित खरवडा. आत पांढरं किंवा हिरवट ओलसर दिसलं की मूळ जिवंत. दाबल्यावर पोकळ लागलं आणि आत दोऱ्यासारखा नुसता गाभा उरला असेल तर तेवढा भाग वाळलाय. मऊ लागलं, साल निसटून बोटाला चिकटली आणि कुजका वास आला तर ते सडलंय, त्याचा उपाय वेगळा आहे, पुढे दिलाय.

वाढतं टोक ओळखायला शिका. ते फिकट, गुळगुळीत आणि थोडं निमुळतं असतं, आणि पावसाळ्यात सकाळी त्यावर पारदर्शक चिकट थेंब दिसतो. तो थेंब बघून पुष्कळ जण घाबरतात आणि फडक्याने पुसून काढतात. पुसू नका. वाढणाऱ्या टोकाभोवती तो असायलाच हवा.

टोक मेलं म्हणून सगळं मूळ गेलं असंही नाही. टोक वाळलं की त्याच्या मागच्या जिवंत भागातून आडवे फाटे फुटतात. म्हणून तर दर वर्षी मुळं कापणाऱ्यांच्या झाडावरच मुळांचा गुंता जास्त दिसतो.

झाडाला काय हवंय

मॉन्स्टेरा हा दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या दमट जंगलातला वेल. कुळ आपल्या अळूचं आणि सुरणाचं. जमिनीवर रुजतो आणि शेजारच्या झाडाच्या खोडावर चढतो. त्याची हवाई मुळं दोन तऱ्हेची असतात. एक आखूड, खोडाला चिकटून धरणारी. दुसरी लांब आणि जाड, सरळ खाली जमिनीकडे जाणारी. ती पाणी आणि अन्न आणतात. घरात आपल्याला त्रास वाटतात ती ही दुसरी, पण खरी उणीव असते पहिल्यांची. धरणाऱ्या मुळांना धरायला मिळालं नाही की खोड पुढे कलतं, पेरांमधलं अंतर वाढतं, नवं पान आधीच्यापेक्षा लहान येतं, चिरा कमी पडतात.

आपल्या आगरातली मिरवेल आठवा. मिरीचा फुटवा पोफळीला किंवा पांगाऱ्याला टेकवून पेरापेराला बांधत नेतात, आणि मुळं खोड धरेपर्यंत बांधणं सोडत नाहीत. न बांधलेला फुटवा खाली लोंबतो आणि त्याच्यावर मिरी धड धरत नाही. मिरवेलीच्या बाबतीत ज्याला हे कळतं, तोच माणूस पडवीतल्या मॉन्स्टेराला नुसती काठी रोवून मोकळा होतो. मॉन्स्टेरालाही तीच राखण लागते आणि तीही पावसाळ्यातच.

ऑक्टोबरात टोकं वाळतात

हा फेरा सगळ्यात जास्त घरांत असतो. पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते की मूळ नुसत्या हवेत वाढत राहतं. पाऊस परतला, दुपारचा पारा चढला, पुढे थंडीत पहाटे मतलई वारे सुटले की त्या टोकाला हवेतून मिळणारी ओल तुटते. तोवर मूळ कशात शिरलं नसेल तर ते थांबतं आणि वाळतं. म्हणजे जून ते सप्टेंबर या काळात मुळाला ओल्या आधारात पोचवणं हे खरं काम आहे. नोव्हेंबरात सकाळ-संध्याकाळ फवारे मारून त्याची भरपाई होत नाही. फवाऱ्याचं पाणी पाच-दहा मिनिटांत उडून जातं.

दुकानात मिळणारा आधार बहुधा पीव्हीसी पाइपवर काथ्याची दोरी गुंडाळलेला असतो. दिसायला छान. पण दोरीचा थर पातळ, आत गुळगुळीत पाइप. पाणी घातलं तर निथळून जातं आणि मूळ दोरीखाली शिरून पाइपवर घसरतं. त्या काठीला झाड बांधता येईल, मुळं धरणार नाहीत. विकत घेतलेली काठी वर्षभर झाडाला लावून एकही मूळ आत गेलं नसेल तर ती बदला.

घरी करायचा आधार असा. अर्धा इंची प्लास्टिकच्या लेपाची जाळी घ्या, साधारण 4 इंच व्यासाची नळी करून तारेने शिवा. मधोमध माणगा बांबूची काठी उभी करा; तो भरीव असतो, वाकत नाही. मातीत जाणारा भाग मात्र बांबूचा ठेवू नका, तो कुजतो आणि वाळवीला वाट देतो. खालच्या फूटभराला लोखंडी किंवा पीव्हीसी पाइप जोडा. मग नळीत नारळाच्या सोडणांचे बोटाएवढे तुकडे आणि थोडं कोकोपीट ठासून भरा. नुसतं कोकोपीट भरलं तर ते दबून घट्ट होतं. नुसती सोडणं भरली तर पाणी टिकत नाही.

सोडणं भरण्याआधी धुणं फार महत्त्वाचं. किनाऱ्याजवळच्या माडांच्या सोडणात मुळातच क्षार असतात, आणि खाडीत कुजवलेल्या काथ्यात तर मीठ मुरलेलंच असतं. गोड्या पाण्यात चार-पाच दिवस भिजत ठेवा, रोज पाणी बदला, पाण्याचा तांबूस रंग जवळजवळ जाईपर्यंत. हे टाळलं तर मूळ आधाराला टेकतं आणि टेकल्याजागीच काळं पडतं. मग लोक म्हणतात, "काथ्या झाडाला सोसत नाही." काथ्या सोसतो, त्यातलं मीठ सोसत नाही.

आधाराला पाणी वरून द्यायचं. लिटरभराची प्लास्टिकची बाटली घ्या, झाकणाला सुईने भोक पाडा आणि उलटी करून नळीच्या डोक्यात खुपसा. वर आलेल्या बाटलीच्या तळालाही बारीक भोक पाडायला विसरू नका, नाहीतर पाणी उतरणार नाही. पाणी थेंबथेंब खालपर्यंत जातं. ऑक्टोबर ते मे नळीत बोट घालून बघायचं आणि आत कोरडं लागायला लागलं की बाटली भरायची. तांदळाचं धुवण, ताक, गुळाचं पाणी असलं काही आधारावर ओतू नका. बुरशी आणि मुंग्या दोन्ही येतात.

आता बांधणं. खोड आधाराला टेकवा, पेराच्या खाली जुन्या सुती साडीची पट्टी सैल आठाच्या आकड्यासारखी बांधा. पानाचा देठ बांधू नका. पान उजेडाकडे वळतं तेव्हा देठाला हलायला जागा लागते. मूळ कोवळं, बोटभर लांबीचं असतानाच जाळीच्या घरात टोक घालून द्या. जुनं, पेन्सिलीएवढं जाड मूळ जबरदस्तीने वळवलं तर कट्कन तुटतं. त्याला ओल्या फडक्यात तासभर गुंडाळा, थोडं वळवा, पट्टीने अडकवा, दोन-तीन दिवसांनी आणखी थोडं. इतकी मेहनत करूनही ते ऐकत नसेल तर त्याला सरळ खाली कुंडीच्या मातीत जाऊ द्या. मातीत शिरलेलं हवाई मूळ झाडाला आयुष्यभर पाणी पुरवतं, तो काही कमी फायदा नव्हे.

आधार आहे, ओला आहे, तरी मुळं दुसरीकडेच जातात

रत्नागिरीतल्या माझ्या मावसबहिणीची हीच अडचण होती. तिचा फोन आला, "ताई, आधार तू सांगितलास तस्साच केलाय, पण मुळं सगळी खिडकीच्या उलट बाजूला, भिंतीकडे पळतात." फोटो मागवला. आधार खिडकीच्या बाजूला होता आणि झाड खोलीच्या बाजूला. शिवाय पानं सगळीकडे सारखी यावीत म्हणून ती दर आठवड्याला कुंडी फिरवत होती.

मॉन्स्टेराला तोंड आणि पाठ असते. पानं उजेडाकडे उघडतात, मुळं खोडाच्या मागल्या, सावलीतल्या बाजूने फुटतात आणि काळोखाकडे जातात. जंगलात काळोख म्हणजे शेजारच्या झाडाचं खोड, म्हणून ही सवय कामाची. मॉन्स्टेराच्या एका जातीचं कोवळं रोप तर उजेड सोडून जवळच्या खोडाच्या गडद सावलीकडे सरपटत जातं. कोस्टारिकामधला हा अभ्यास 1975 साली प्रसिद्ध झाला होता. म्हणून क्रम असा हवा: खिडकी, मग झाडाची पानं, मग खोड, आणि खोडाच्या मागे आधार. एकदा असं लावलं की कुंडी फिरवायची नाही. फिरवलीत तर पाठीचा पुढा होतो, आधाराच्या तोंडाशी आलेलं मूळ उजेडात येतं आणि वळून निघून जातं.

बहिणीने आधार मागे घेतला आणि कुंडीच्या काठावर खडूने खूण केली, म्हणजे झाडलोट करणाऱ्या मावशींनी कुंडी सरकवली तरी परत तशीच ठेवता येते. खूण छोटी, पण मोठ्या झाडाला फार उपयोगी.

एप्रिल-मेमध्ये टोकं जळतात, पानांच्या कडाही

हे ऑक्टोबरच्या वाळण्यापेक्षा वेगळं. यात आधार ओला असूनही टोक काळं पडतं आणि सोबत पानांच्या कडा तपकिरी होतात. खाडीजवळ घर असेल तर पहिला संशय विहिरीच्या पाण्यावर घ्या. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की पाणी मचूळ होतं. चहाला कळतं तसं झाडालाही कळतं. कुंडीच्या काठावर आणि आधाराच्या जाळीवर पांढरी पुटं दिसली तर संशय पक्का.

उपाय: पावसाळा सरताना पागोळीचं स्वच्छ पाणी पिंपात भरून ठेवा, तोंडाला घट्ट कापड बांधा, आणि एप्रिल-मेपुरतं ते आधाराला वापरा. कुंडीला नळाचं गोडं पाणी चालेल. तेही नसेल तर मचूळ पाणी थोडं-थोडं रोज देण्यापेक्षा एकदम भरपूर देऊन तळातून वाहू द्या, म्हणजे मीठ साठत नाही. पहिले एक-दोन मोठे पाऊस झाले की कुंडी उघड्यावर ठेवून आधारासकट चांगली धुऊन निघू द्या. समुद्रासमोरच्या घरात खाऱ्या वाऱ्याने मुळांवर आणि पानांवर मिठाचा थर बसतो, तो दहा-पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा.

पावसात मूळ मऊ पडलं, वास येतो

कुंडी पागोळीखाली आहे का बघा. कौलांवरून पडणारी धार माती खणते, खोडाचा बुंधा उघडा पाडते आणि आधार चोवीस तास चिंब ठेवते. हवाई मुळाला ओल हवी, डुंबणं नको. कुंडी हातभर आत घ्या. सडलेला भाग निरोगी भागापर्यंत स्वच्छ ब्लेडने कापा, आणि आधाराचं पाणी ऑगस्टअखेरपर्यंत बंद करा. हवेतली ओल तेवढी पुरते. नुसत्या तांबड्या मातीत लावलेलं असेल तर ती पावसात दगडासारखी बसते. पुढच्या वेळी माती, शेणखत, सोडणाचे तुकडे, भाताचं तूस आणि जांभ्याची बारीक खडी असं मिसळून भुसभुशीत ठेवा.

आधारावर पांढरी, कापसासारखी बुरशी दिसली तर घाबरू नका. ती बहुधा कुजणाऱ्या सोडणावर जगते, मुळावर नाही. वारा खेळू द्या, जाते. मुळांच्या बेचक्यात चिकट पांढरे पुंजके आणि मुंग्यांची रांग असेल तर तो पिठ्या ढेकूण. लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. आधारावर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या तर वाळवी आहे, तो आधार उपटून बदलायचाच.

भिंतीत शिरलेली मुळं

पिंपळासारखं भिंत फोडण्याचं काम मॉन्स्टेरा करत नाही. पण गिलावा न केलेल्या जांभ्याच्या चिऱ्यात भरपूर भोकं असतात, त्यांत मुळाचे केस घट्ट बसतात. चुन्याच्या भिंतीवर मूळ ओढलंत तर पापुद्रा निघून येतो. ओढू नका. खोडापाशी कापा, दोन-तीन आठवडे भिंतीवरच वाळू द्या, मग ओलं करून काथ्याच्या ब्रशने घासा. तपकिरी रेघ थोडी राहतेच, पुढच्या रंगात झाकते. त्यानंतर कुंडी भिंतीपासून निदान वीतभर लांब ठेवा. जास्त लक्ष द्यायचं ते एसीच्या पाण्याच्या नळीकडे, मोरीच्या जाळीकडे आणि वायरींच्या पट्टीकडे. ओल मिळाली की मूळ तिथे शिरून आत जटा करतं.

मूळ पाण्याच्या बाटलीत सोडावं का

चालतं. उन्हाळ्यात गावी जाताना तर फारच उपयोगी. लोंबणारं मूळ पाण्याच्या बाटलीत सोडलं की बारीक पांढरे फाटे फुटतात आणि झाड तिथून पाणी घेतं. दोन गोष्टी पाळा. पाणी दर आठवड्याला बदला आणि बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर डासांची पैदास तुमच्याच घरात होईल. आणि पाण्यात फुटलेली ती नाजूक मुळं नंतर एकदम मातीत घालू नका, बरीचशी मरतात. बाटलीत सोडलंत तर ते मूळ बाटलीतच राहू द्या.

कापायचंच असेल तर

वाट अडली, मांजर खेळतं, पाहुणे अडखळतात, अशी कारणं खरी असतात. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त मुळं काढू नका, आणि आधाराला धरलेली आखूड मुळं कधीच नको. कोरड्या दिवशी, धुतलेल्या ब्लेडने, खोडापासून बोटभर सोडून कापा. रस अळूसारखाच खाजरा आहे, कारणही तेच, सुईसारखे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक. अळू चिरताना लावता तसं खोबरेल हाताला लावा किंवा हातमोजे घाला, आणि कापलेले तुकडे लगेच उचला. लहान मुलं आणि मांजरं-कुत्री ते चघळली तर तोंडाची आग होते, सूज येते.

मनी प्लांटचं काय

फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोओरिया बेटावरून जगभर गेलेला हा वेलही अळूच्याच कुळातला, आणि वरचं सगळं त्याला लागू. बाटलीतल्या मनी प्लांटची तळहाताएवढी पानं आणि माडावर चढलेल्या मनी प्लांटची सुपाएवढी पानं, फरक खोड धरलेल्या मुळांचा आणि मिळालेल्या उजेडाचा. एवढंच, की त्याला उघड्यावरच्या माडा-आंब्यावर चढू देऊ नका. वर गेला की आवरत नाही.

झाड छताला टेकलंय, आधार संपलाय

आधारावर आधार जोडत बसण्यापेक्षा शेंडा उतरवा. जून-जुलै हा त्याचा काळ. शेंड्याकडची दोन-तीन पेरं आणि त्यांवरची निदान दोन जिवंत हवाई मुळं मोजा, आणि सगळ्यात खालच्या मुळाच्या बोटभर खाली कापा. मुळं रात्रभर साध्या पाण्यात भिजू द्या, खोडाचा काप मात्र सावलीत कोरडा होऊ द्या. मग नव्या कुंडीत नवा आधार उभा करून पाठ आधाराकडे, तोंड उजेडाकडे अशी लावणी करा. खालचं हवाई मूळ गोल वळवून मातीत दाबा, वरचं जाळीत घाला. जुनं, टोक गेलेलं मूळ असलं तरी ओल मिळाली की त्याला फाटे फुटतात, म्हणून वाळलेलं टोक बघून चांगला शेंडा टाकून देऊ नका. नवं पान उलगडेपर्यंत खत नको. जुन्या खोडावरही काही आठवड्यांत खालच्या पेराचा डोळा फुगतो. तो फुटवा वीतभर झाला की लगेच पट्टीने आधाराला बांधायला घ्या, त्याची मुळं सुटण्याआधी.